वर बघा, आजी

उजवीकडे बघा.

आसिमिनाने उजवीकडे बघितलं. दोन्ही डोळे निमूट गेले.

तिचा मुलगा थिमिओस खुर्चीच्या कडेवर टेकून बघत होता. आईचं डोकं दुखायचं, जिन्यात पाय चुकायचा, म्हणून आणलं होतं. चष्म्याचा नंबर वाढला असणार, दुसरं काय. मग एमआरआय झाला, आणि आता ही डॉक्टरीण आईच्या डोळ्यांपुढे पेन नाचवत बसली होती.

डावीकडे बघा.

डावीकडेही गेले. डोळे मोठे, टक्क उघडे. हिवाळ्यापासून तसेच होते. सून पोलिक्सेनी हसायची, "सासूबाई, डोळे केवढे करता! लिफ्ट काय पहिल्यांदाच बघताय?" थिमिओसला बरंच वाटायचं. आईला नवल वाटतंय, म्हणजे ती शहरात रमली.

ती रमेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. डोंगरातलं दगडी घर सोड म्हणून तो वर्षानुवर्षं विचारत आला होता आणि ती नाही म्हणत आली होती. नाही म्हणायला त्यांच्या गावाकडे तोंड लागत नाही. भुवया उचलल्या, मान जरा मागे टाकली, झालं. आसिमिनाला तेवढ्याचाही आळस. नुसती बुबुळं वर, छताकडे. विषय संपला. नवरा म्हणायचा, हिच्या बुबुळांपुढे बिशपचंही चालणार नाही.

फेब्रुवारीत चुलीपाशी त्याने पुन्हा विचारलं, "आई, शहरात चल. बकऱ्या देऊन टाकू. घर त्या जर्मन जोडप्याला विकू. चालेल?"

आईने त्याच्याकडे बघितलं. सरळ. बुबुळं वर गेली नाहीत.

त्याने तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि धावत जाऊन चौकातल्या सगळ्यांना त्सिपुरोची दारू पाजली. "म्हातारी विरघळली!"

बकऱ्या गेल्या. आई आली. येत्या सोमवारी नोटरीकडे घराच्या विक्रीवर तिची सही व्हायची होती.

वर बघा.

पेन वर गेलं. डोळे तिथेच.

"मान नको, आजी. नुसते डोळे वर."

"बघतेय की!"

थिमिओसला हसू आलं. "चेष्टा करतेय, डॉक्टर. डोळे वर करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही."

डॉक्टर हसली नाही.

पुन्हा. वर.

"मेंदूच्या मधोमध पाइनच्या बीएवढी ग्रंथी असते," डॉक्टर म्हणाली. "झोपेचं वेळापत्रक तिच्याकडे. तिथे गाठ झाली आहे. दिसायला तरी साधी आहे. तुकडा तपासला की पक्कं कळेल."

"म्हणजे कॅन्सर नाही?" थिमिओसने छातीवर क्रूस काढायला हात उचलला.

"वाटत तरी नाही. पण साधी गाठही जागा अडवतेच. मेंदूतल्या पाण्याची वाट अडली, म्हणून डोकं दुखतं. डोळे वर नेणारा भाग तिच्या अगदी शेजारी आहे, तो दबलाय. पापण्याही त्यामुळेच ओढल्या गेल्यात. आजींना नवल वगैरे काही वाटत नाहीये."

हात अर्ध्यावरच राहिला.

"कधीपासून?"

"या सावकाश वाढतात. वर्ष. जास्तही असेल."

फेब्रुवारी. चूल. सरळ डोळे.

"आई... चुलीपाशी मी विचारलं, तेव्हा तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले."

"कधी?"

"तेव्हाच. मग बकऱ्या नेल्या तेव्हा. मग गाडीत, घाट उतरेपर्यंत." आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, तुला दिसतंय. दिसूनही करतोयस. म्हटलं, मोठा झाला. आता आईचं कशाला ऐकेल?"

"अगं, मग तोंडाने बोलायचंस ना!"

"जन्मात कधी बोलले होते?"

तो डॉक्टरकडे वळला. "म्हणजे गाठीमुळे झालं हे. तिचा नकार गाठीनेच गिळला. मला कसं कळणार होतं? सांगा ना तिला, मला कसं कळणार होतं?"

डॉक्टरने पेन पुन्हा उचललं.

खाली बघा.

"ऑपरेशन करावं लागेल," ती म्हणाली. "आधी पाण्याला वाट करून देऊ, मग गाठ. आजी, करायचं का?"

आसिमिनाने डोळे खाली नेले. मानही किंचित झुकली. एकदाच.

हो.

किती सहज. हे 'हो' गाठीने घेतलं नव्हतं. हे तिला आज येत होतं, म्हणजे फेब्रुवारीतही येत होतं. चुलीपाशी तो फक्त बुबुळं वर जातात का तेवढंच बघत बसला होता.

खिशातला फोन वाजला. थिमिओसने काढून बघितला. नोटरीचं ऑफिस. सोमवारची वेळ पक्की करायची असणार.

"आई," तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "घर विकायचं का?"

ते मोठे, टक्क उघडे डोळे त्याच्याकडे लागले. फोन वाजत होता. तो थांबला. फोनही वाजून वाजून थांबला.

डोळे खाली आले नाहीत.