उणे अठरा

कारखान्यात काकांना सगळे 'उणे अठरा' म्हणत. शीतगृहाच्या दारावरच्या तक्त्यात दर दोन तासांनी तापमान लिहायचं, हे त्यांचं अकरा वर्षांचं काम; आणि तक्ता बघावा तर मोत्यासारख्या अक्षरात नियमाचं उणे अठरा अंश, उणे अठरा, उणे अठरा. मीटरचा काटा कुठे का असेना! काकू तिथेच कोळंबी सोलायच्या. त्या हसायच्या, "अहो, माणसाला कधीमधी ताप तरी येतो. तुमच्या यंत्राला साधं पडसंही होत नाही!"

लबाडी म्हणाल, तर काकांच्या मनालाही ती शिवली नव्हती. तक्ता नीटनेटका दिसावा, एवढीच हौस. खरा आकडा ते खिशातल्या वहीत टिपत आणि मेकॅनिकला दाखवत. तक्ता तपासायला येणाऱ्या साहेबांसाठी, वही मेकॅनिकसाठी. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

अशात माल घेणाऱ्या देशाची तपासनीस बाई आली. शेजारच्या देशांनी कोळंबीचे भाव पाडले होते, दोन मोठी गिऱ्हाइकं हातची गेली होती. हे तिसरं गेलं असतं तर कारखान्याला टाळं आणि सोलणाऱ्या दोनशे बायका घरी. मालकीणबाईंनी आठवडाभर फरश्या घासून घेतल्या होत्या.

बाई तक्त्यापुढे थांबली. तिने घड्याळ पाहिलं. सकाळचे अकरा, आणि तक्त्यात संध्याकाळी सहापर्यंतचं उणे अठरा लिहून तयार! पाहुण्यांसमोर अर्धवट तक्ता बरा दिसत नाही म्हणून काकांनी तो सकाळीच भरून टाकला होता. आता काय म्हणावं या माणसाला!

बाई तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मालकीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "काका, ती विचारतेय, संध्याकाळ आधीच कशी झाली? हा कालचा तक्ता आहे, तारीख चुकली, असं म्हणा. मी सांगते तिला."

सोपं होतं. काचेपलीकडे काकू मान खाली घालून सोलत होत्या. काकांनी खिशातून वही काढली.

"खरे आकडे यात आहेत. हे सांगा तिला, मॅडम."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? कंटेनर अडकेल!"

"अडकू दे. भावात आपण शेजाऱ्यांपुढे टिकत नाही. वर खोटेही ठरलो, तर आपल्याकडून कुणी घ्यायचं कशासाठी?"

बाईने उभ्याउभ्या सगळी वही वाचून घेतली. मंगळवारी उणे चौदा. दाराचं रबर फाटलेलं. एक कंटेनर तिथेच थांबला. परवाना मात्र तिने रद्द केला नाही, सुधारायला तीन महिन्यांची मुदत दिली. सोलण्याचं काम निम्म्यावर आलं. मालकीणबाई काकांशी बोलेनाशा झाल्या, आणि टेबलावरच्या बायका काकूंशी. आपण दोनशे घरांच्या पोटावर पाय दिला की काय, हे काकांच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर कोरा तक्ता होता. नवं रबर अजून यायचं होतं, काटा उणे सोळावर. अकरा वर्षं काकांचा हात एकाच आकड्याला सरावलेला. तरी त्यांनी लिहिलं: उणे सोळा.

मागे गमबूट वाजले. काकूंनी खांद्यावरून वाकून तक्ता वाचला.

"आला एकदाचा ताप," त्या म्हणाल्या. "उभे काय राहिलात? मेकॅनिकला बोलवा."