चिरुटाच्या पानात ओवा

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे. नळाचा नव्हे, ओढायचा. तुमच्या परीक्षेत फाटक्या छत्रीला, बंद पडलेल्या घड्याळाला, अगदी रस्त्यावरच्या खड्ड्यालासुद्धा बोलायची संधी मिळते. मला मेलं कोणी विचारत नाही. कारण उघड आहे. तंबाखू वाईट, हे मलाही ठाऊक आहे. ज्याच्या पोटात उठल्यासुटल्या आग लावतात त्याला ते कोणी वेगळं सांगायला नको. पण माझ्यापायी एका भल्या माणसाची जीभ बदनाम झाली, आणि ती हकीकत मी सांगितली नाही तर दुसरं कोणी सांगणार नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका डोंगराळ मुलखात झाला. तिथल्या एका खुरट्या झुडपाच्या मुळाशी गाठ धरते. ती गाठ उकळून, वाळवून, कोरून मला घडवलं. पुढे पुण्यात लष्कर भागातल्या एका दुकानाच्या काचेआड मी कितीतरी वर्षं बसून होतो. लोक यायचे, किंमत विचारायचे, ‘अरे बाप रे’ म्हणायचे आणि शेजारी जाऊन पान खायचे. अखेर एक दिवस गोपाळकृष्ण उकिडवे आले. त्यांना नुकतीच बढती मिळाली होती. त्यांनी मला उचललं, हुंगलं आणि म्हणाले, “ठीक.” त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती कधी निघत नाही, हे मला नंतर कळलं.

गोपाळराव एका मसाल्याच्या कारखान्यात चव बघायच्या खात्यात होते. घाणा उतरला की चिमूटभर मसाला आधी त्यांच्या जिभेवर जायचा, मग पाकिटात. धणे जास्त भाजलेत की खोबरं जुनं आहे, हे ते डोळे मिटून सांगत. जीभ बिघडू नये म्हणून नोकरीत असेपर्यंत ते मला फक्त रविवारी हात लावायचे. निवृत्त झाल्यावर मात्र रोज संध्याकाळी सहकारनगरच्या फ्लॅटच्या गॅलरीत आमची बैठक बसू लागली. गॅलरीतच, कारण घरात मला प्रवेश नव्हता.

ही बंदी आनंदीबाईंची. आनंदीबाई म्हणजे गोपाळरावांच्या पत्नी, प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “अहो, हे नळाचं एल्बो कशाला आणलंत?” खरं काय ते कळल्यावर त्यांनी मला बोटसुद्धा लावलं नाही. झाडताना मी आडवा आलो तर वर्तमानपत्राच्या कागदात धरून बाजूला ठेवायच्या. दर वर्षी सोसायटीच्या हॉलमध्ये त्या मुलांसमोर व्यसनमुक्तीवर भाषण करतात. त्यात ‘आमच्याच घरातलं एक उदाहरण’ येतं, ते मी. तरीही त्यांचा माझ्यावर एक उपकार आहे. संध्याकाळी त्या शिकवणीच्या मुलांकडून मोठ्याने निबंध वाचून घेतात, आणि गॅलरीचं दार उघडं असतं. ‘मित्रांनो’ म्हणून सुरुवात करायची आणि शेवटी बोध द्यायचा, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

बुधवार पेठेत विक्रमचं तंबाखूचं दुकान आहे. आजोबांपासूनचं. विक्रम हौशी. तो तऱ्हेतऱ्हेची पानं मिसळून पाइपाचा तंबाखू बनवतो, पण गोपाळरावांनी चव घेतल्याशिवाय बरणी दुकानात मांडत नाही. त्यांचे निकाल तीनच: ‘ठीक’, ‘बरं आहे’ आणि ‘परत आणू नकोस’. या खेपेला विक्रमने मोठी उडी मारली होती. त्याने दक्षिणेतल्या दिंडिगलहून चिरुटाचं पान मागवलं होतं आणि ते पाइपाच्या गोडसर तंबाखूत मिसळलं होतं. चिरुटाचं पान मोठं दांडगट. ते जरा जास्त पडलं की बाकीच्यांना बोलूच देत नाही. कमी पडलं तर असून नसल्यासारखं. त्यामुळे अशी चव पारखायची तर पाइप अगदी कोरा हवा, नाहीतर आधीच्या तंबाखूचं भूत मानगुटीवर बसतं.

म्हणून गोपाळरावांनी माझी जय्यत तयारी केली. माझ्या पोटातला काजळीचा जुना थर खरवडून काढला. स्पिरिटच्या बोळ्याने मला आतून पुसलं आणि आठवडाभर उपास घडवण्यासाठी गॅलरीतल्या फळीवर ठेवून दिलं. अगदी न्हाऊनमाखून बसलेल्या नवरदेवासारखा मी बसलो होतो.

आणि त्याच आठवड्यात आनंदीबाईंना सर्दी झाली.

सर्दी म्हणजे कशी! नाक चोंदलेलं, डोकं जड, रात्रभर झोप नाही. वाफ घेतली, काढा घेतला, ओवा भाजून पुरचुंडीने शेकून झालं. काही केल्या नाक उघडेना. मग त्यांना माहेरचा एक उपाय आठवला. त्यांची आत्या सर्दी झाली की चिलमीत ओवा भरून त्याचा धूर घ्यायची. पण सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये चिलीम कुठून येणार?

दुपारी गोपाळराव वाचनालयात गेले होते. आनंदीबाई गॅलरीत आल्या. समोरच्या इमारतीकडे बघितलं. वाळत घातलेली चादर नीट ओढून आडोसा केला. मग देवाचं नाव घेतलं आणि मला उचललं, मित्रांनो, हाताने! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला तर गलबलून आलं. पण तेवढ्यात माझ्या पोटात चमचाभर ओवा पडला आणि काडी लागली.

पहिल्या झुरक्याला ठसका. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी. तिसऱ्याला नाक असं काही मोकळं झालं की बाई “अगंबाई!” म्हणाल्या आणि खुर्चीत मागे रेलल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी नाक अगदी स्वच्छ होतं, तरी आल्या. दर वेळी पदराने पुसून मला होतो तसा, त्याच कोनात ठेवायच्या. पण नुकतंच खरवडलेलं कोरं लाकूड मी. ओव्याचं तेल असं काही प्यायलो की विचारू नका.

रविवारी सकाळी विक्रमच्या दुकानाच्या माळ्यावर बैठक भरली. विक्रम, गोपाळराव आणि त्यांचे मित्र बद्रीनाथ. बद्रीनाथ बँकेतून निवृत्त झालेले; समोरच्याच्या मर्मावर बोट ठेवण्यातून मात्र अजून निवृत्त झालेले नाहीत. प्रत्येकाचा पाइप वेगळा. दुसऱ्याचा पाइप आणि दुसऱ्याचा टूथब्रश तोंडात घालायचा नाही, हा त्यांचा नियम.

गोपाळरावांनी आधी बरणीत नाक घातलं. “वास ठीक आहे.” विक्रमचा चेहरा खुलला. मग तंबाखू तीन चिमटींनी भरला: पहिली चिमूट सैल, दुसरी बेताची, तिसरी दाबून. काडी फिरवली, दाबलं, पुन्हा काडी. आणि ते डोळे मिटून अगदी सावकाश ओढू लागले.

“चामडं,” ते म्हणाले. “कोरी चप्पल खोक्यातून काढल्यावर येतो तो वास. मागून शेंगदाण्याची भाजकी सालं. शेवटी मिरी. पान दांडगट आहे, पण आवरलंयस छान. फक्त...”

“फक्त काय, काका?”

गोपाळरावांनी डोळे उघडले. “यात ओवा कशाला घातलास?”

“ओवा?” विक्रम बघतच राहिला. “काका, आईशपथ, ओव्याचा दाणासुद्धा नाही त्यात.”

“विक्रम, तीस वर्षं मी ओवा चाखलाय. हा ओवा आहे.”

मी आतून जिवाच्या आकांताने ओरडत होतो, ‘माझ्यात आहे हो, माझ्यात! तुमच्या घरातूनच आलाय!’ पण मला तोंड असलं तरी त्यातून दुसराच बोलतो.

बद्रीनाथांनी दोन झुरके घेतले. “मला नाही लागत ओवा. पोट बिघडलंय का तुझं?”

“पाइपात काही राहिलं असेल का?” विक्रमने अदबीने विचारलं.

“माझा पाइप मी स्वतः धुऊन ठेवला होता. घरात दुसरं कोण हात लावणार? आनंदी?” यावर तिघेही हसले. तो विचार तिथेच संपला. आनंदीबाईंनी इतक्या वर्षांत मिळवलेली कीर्ती अशी नेमक्या वेळी आडवी आली.

विक्रम चाचरत म्हणाला, “काका, राग मानू नका. कोविडनंतर बऱ्याच जणांचं असं होतं. माझ्या सासऱ्यांना गुलाबजामला रॉकेलचा वास यायचा.”

“आणि वयही झालं, गोपाळ,” बद्रीनाथ म्हणाले. “आमचे कान गेले, तुझी जीभ गेली. चालायचंच.”

गोपाळरावांनी पाइप अर्ध्यावर विझवला. “मग माझ्या निकालावर जाऊ नकोस, विक्रम,” एवढंच म्हणाले आणि उठले. मला न झटकताच खिशात टाकलं. विक्रम बिचारा बरणी घेऊन तसाच बसला. ती दुकानात मांडावी की नाही, हे आता त्याला कोण सांगणार?

घरी येऊन त्यांनी मला जेवणाच्या टेबलाशेजारच्या कपाटात, मुदत संपलेल्या औषधांच्या डब्यात टाकलं. “सोडला आजपासून,” त्यांनी आनंदीबाईंना सांगितलं. “जीभच गेली. ओवा नसलेल्या तंबाखूत मला ओवा लागला.”

आनंदीबाईंच्या हातातला डाव आमटीच्या पातेल्यात पडला. त्यांना सगळं तत्काळ उमगलं. पण मित्रांनो, त्यांची बाजूही बघा. ज्या गोष्टीसाठी त्या जन्मभर भांडल्या ती आपसूक घडली होती. फक्त गप्प बसायचं होतं. आणि बोलायचं म्हणजे काय? येत्या शनिवारी हॉलमध्ये व्यसनमुक्तीचं भाषण होतं, आणि स्वतःच पाइप ओढल्याचं सांगायचं! त्या गप्प बसल्या.

मग घरात एक भयंकर प्रकार सुरू झाला. गोपाळराव प्रत्येक पदार्थाला ‘छान’ म्हणू लागले.

आधी कसं होतं? पहिला घास घेतला की निकाल लागायचा. ‘गूळ आधी घातलास.’ ‘मोहरी तडतडायच्या आत जिरं टाकलंस.’ त्यावर आनंदीबाईंचं ठरलेलं उत्तर, ‘मग करा तुम्ही!’ आणि जेवण पुढे सरकायचं. आता नुसतं ‘छान’. फणसाची भाजी छान, दूधभोपळाही छान. आनंदीबाईंनी एक दिवस मुद्दाम उसळीत मीठ घातलं नाही. ‘छान.’ दुसऱ्या दिवशी आमटीत मूठभर मीठ ओतलं. गोपाळरावांनी वाटी संपवली, वर पाणी प्यायले आणि म्हणाले, “छान झालीय.”

“अहो, खारट नाही लागली?”

“लागली. पण मला काय लागतं त्याला आता अर्थ नाही, आनंदी. तुला योग्य वाटतं ना? मग झालं.”

मुलीचा, अस्मिताचा, बंगळूरहून फोन आला. “आई, बाबांनी पाइप सोडला? ग्रेट न्यूज! अगं, मग तू रडतेयस का?”

“कांदा चिरतेय,” आनंदीबाई म्हणाल्या. मी कपाटाच्या फटीतून पाहत होतो. कांदा टोपलीत होता.

फोन ठेवून त्या तडक उठल्या. औषधांचा डबा उघडून मला बाहेर काढलं. स्वयंपाकघरातून ओव्याची बरणी आणली. गोपाळराव गॅलरीत नुसतेच बसले होते. आनंदीबाई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, मला ओव्याने भरलं, काडी लावली आणि ऐटीत एक झुरका घेतला. ठसकासुद्धा लागला नाही. चादरीचा आडोसाही आज केला नव्हता. समोरच्या इमारतीतल्या एक काकू कपडे वाळत घालता घालता थिजल्या.

“आनंदी!” गोपाळराव ताडकन उठले.

“नाक चोंदलं होतं माझं. तुम्ही वाचनालयात होता. तुमची जीभ शाबूत आहे. ओवा होता, आणि तो मी घातला होता.” एका दमात एवढं बोलून त्यांना रडू कोसळलं. “आता उद्यापासून ‘छान’ म्हणालात तर ताट उचलून घेईन!”

गोपाळराव मटकन खाली बसले. त्यांनी विचारलं, “किती वेळा?”

“दोनदा.”

तीनदा! पण मी काही बोलू शकत नाही, हे एका परीने बरंच आहे.

गोपाळरावांनी मला आनंदीबाईंच्या हातातून घेतलं. डोळे मिटून झुरका घेतला, धूर जिभेवर घोळवला आणि सोडला. आनंदीबाई पदर तोंडाला लावून वाट बघत होत्या.

“ओवा जुना आहे,” गोपाळराव म्हणाले. “दिवाळीच्या चकल्यांतला उरलेला. आणि बरणी गरम मसाल्याशेजारी ठेवतेस.”

“मग आणा तुम्ही नवा!” असं म्हणून आनंदीबाई अशा हसल्या, की तसं हसणं त्या गॅलरीने कधी ऐकलं नव्हतं.

मग गोपाळरावांनी विक्रमला फोन लावला. “विक्रम, जीभ ठीक आहे. पाइप बाटला होता.” पलीकडून काहीतरी प्रश्न आला. गोपाळरावांनी आनंदीबाईंकडे पाहिलं. त्या शनिवारच्या भाषणाचा विचार करत असाव्यात. चेहरा पांढरा पडला होता. “कोणी म्हणजे? मीच,” गोपाळराव म्हणाले. “मसाल्याच्या कपाटात ठेवला होता. चुकलं माझं.” मित्रांनो, ‘चुकलं माझं’ हे शब्द त्या तोंडातून निघताना मी जन्मात ऐकले नव्हते, आणि मी तर त्या तोंडातच राहत होतो. चूक नसताना त्यांनी ते म्हटलं.

पुढच्या रविवारी नव्या पाइपातून विक्रमच्या तंबाखूची चव झाली. निकाल लागला: ‘ठीक’. बरणी दुकानात मांडली गेली. गोपाळराव आता फक्त रविवारीच ओढतात. तेवढा तह झाला आहे. त्या नव्या पाइपाचा मला थोडा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

माझ्यातला ओवा काही गेला नाही. स्पिरिट झालं, ऊन झालं, मिठाचा उपाय झाला. शेवटी दोघांनी मिळून नाद सोडला. ज्या स्वयंपाकघराचा उंबरा मला इतकी वर्षं बंद होता, तिथे आता मी मिसळणाच्या डब्याशेजारी, ओव्याच्या नव्या बरणीला टेकून बसतो.

तेव्हा मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. दुसऱ्याची वस्तू वापरलीत तर धुऊन ठेवा. धुऊन जात नसेल तर सांगून टाका. जुनं लाकूड सगळं लक्षात ठेवतं. माणसाने ते लपवण्यात जन्म घालवू नये. आणि सर्दी झालीच, तर तुम्ही आपली ओव्याची पुरचुंडी हुंगा. धुराच्या वाटेला जाऊ नका.

आनंदीबाईंची गोष्ट वेगळी आहे. काल दुपारीच त्या आल्या होत्या. नाक अगदी मोकळं होतं.