पारड्याखालचं शिसं

मित्रांनो, जवळ या, पण हात जरा मागेच ठेवा. मी एक जुना तराजू आहे, आणि माझा कुणाच्याही हातावर पटकन विश्वास बसत नाही. स्वभावच आहे म्हणा ना! माझ्यासमोर जो उभा राहिला त्याने माझ्यावर संशय घेतला, आणि ज्याच्या हाताखाली मी काम केलं त्याने समोरच्यावर संशय घेतला. अशा घरात वाढलेलं पोर भोळं कसं निघणार?

माझी दांडी लोखंडाची, दोन्ही पारडी पितळेची, आणि मधोमध बोटाएवढा काटा. एका किराणा दुकानात फळीच्या वर एका आकड्याला मला टांगलं होतं. दुकानदार तेव्हा तरुण होता. उजव्या हाताने तो माल घाली, डाव्या हाताने वजन ठेवी. काटा सरळ उभा राहिला की तो थांबे. वर चार दाणे साखर पडली तर तीसुद्धा चिमटीने काढून पोत्यात टाकी. त्याला एक दाणा जास्त गेलेला खपत नसे, आणि एक दाणा कमी दिलेलाही. गिऱ्हाईक मात्र फक्त पहिली गोष्ट बघत असे.

"अहो, बोट काढा ते पारड्यावरून," बायका म्हणायच्या.

"माझी पाचही बोटं इथे आहेत, ताई. मोजून घ्या," असं म्हणून तो पंजा पसरून दाखवायचा.

खरं सांगू? मलाही गिऱ्हाइकांचा संशय यायचा. पिशवी पुढे करताना कोपराने पारड्याला धक्का देणारी माणसं मी कमी नाही पाहिली.

मग एके दिवशी एका हमालाच्या खांद्यावरचं पोतं मला लागलं आणि मी धाडकन फरशीवर आपटलो. दांडी वाकली. लोहाराने ती ठोकून सरळ केली, टांगायचं जुनं भोक फाटलं होतं म्हणून शेजारी नवं पाडलं. पण टांगून बघतात तर मी एका बाजूला कललेला! तेव्हा त्याने मालाच्या पारड्याखाली शिशाचा एक गोळा चिकटवला. मी पुन्हा सरळ झालो. मालक खूश, लोहार खूश, आणि वजनमापाचा शिक्का मारायला येणारे सरकारी साहेबही मला रिकामा सरळ बघून मान डोलवून गेले.

गिऱ्हाइकं खूश झाली नाहीत. त्यांना ते शिसं दिसलं.

"खाली काय चिकटवलंय हो?"

"समतोलासाठी आहे."

"हो का? कुणाच्या समतोलासाठी?"

दुकानभर हशा पिकायचा. मालक मला रिकामा धरून दाखवायचा, "काटा बघा, मग बोला" असं ओरडायचा. कुणी ऐकत नसे. हळूहळू गल्लीत बोलणं पसरलं की हा काटा मारतो. पोरं त्याच्या मागे कुजबुजायला लागली. घाबरू नका, मी तेव्हा रडलोबिडलो नाही, पण राग खूप यायचा. मी सरळ उभा होतो ना! आणखी काय करायला हवं होतं?

मालक म्हातारा झाला. त्याच्या मुलाने लाल आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि मला मागच्या खोलीत रिकाम्या डब्यांच्या वर ठेवलं. कोळ्याने माझ्या साखळ्यांत घर केलं. वर्षानुवर्षं कुणी माझ्याकडे फिरकलं नाही. मालक त्या खोलीत आला तरी माझ्याकडे न बघता डबा उचलून जायचा. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

मला बाहेर काढलं त्याच्या नातीने. सगळ्यात लहान म्हणून घरीदारी तिला बारकी म्हणत. तिच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, घरातलं एखादं जुनं, हाताने चालवायचं अवजार आणा.

"तो कशाला?" मालक म्हणाला. "ती जुनी इस्त्री ने की."

"इस्त्री दोघींनी आणलीय, आजोबा. तराजू कुणीच नाही आणला."

त्याने मान दुसरीकडे वळवली. मग म्हणाला, "ने. पण जपून."

मित्रांनो, तो वर्ग बघून माझी शंका आणखी वाढली. बाकं ओळीत नव्हती. चार टेबलं, त्यांवर करवत, दोरे, मातीचे डबे, उघडलेलं एक घड्याळ. मुलं जमिनीवर बसून नळाची तोटी सुटी करत होती आणि कुणी त्यांना रागवत नव्हतं. बाई एका टेबलावरून दुसऱ्याकडे नुसत्या फिरायच्या. मुलांनी काही विचारलं की म्हणायच्या, "तुला काय वाटतं? करून बघ." उत्तर म्हणून देत नसत. मला तर दाट संशय होता की त्यांना उत्तर येतच नसावं. खिडकीबाहेर थांबलेल्या आयांनाही तोच संशय असावा, कारण त्या आत डोकावून एकमेकींना विचारायच्या, "अभ्यास कधी करतात हो ही?"

मुलांनी माझ्यात काय काय तोललं! ओलं फडकं तोललं, मग तेच वाळवून पुन्हा तोललं. पोकळ भोपळा, बूट, चिमणीचं पडलेलं घरटं. एकीने स्वतःचा पडलेला दात तोलायला आणला आणि माझा काटा हलेना म्हणून ती माझ्यावरच रुसली. साखर-तांदूळ तोलणाऱ्याला हे काम शोभतं का, असं मला सुरुवातीला वाटे. पण खोटं कशाला बोलू, पुन्हा कामाला लागल्याचं बरं वाटत होतं.

त्या वर्गात एक नियम होता. कुठलीही गोष्ट दोघांनी दोनदा केल्याशिवाय फळ्यावर लिहायची नाही. त्या नियमानेच सगळा घोटाळा केला.

एके दिवशी एका टेबलाने किलोभर रेती तोलून पिशवीत भरली. दुसऱ्या टेबलाने नियमाप्रमाणे तीच पिशवी पुन्हा तोलली, तर जमेना! मुलांनी पारडी बदलली, तर जमलं. पुन्हा बदलली, पुन्हा बिनसलं. पहिल्यांदा पिशवी कुठल्या पारड्यात होती हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

त्या वर्गात एक मुलगा होता. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. तो पारड्याखाली वाकला आणि ओरडला, "हे बघा! खाली शिसं लावलंय! तराजू खोटा आहे. माझी आई म्हणतेच, हिचे आजोबा काटा मारायचे!"

बारकीचा चेहरा एवढासा झाला. मला तर दांडी मोडून पडावंसं वाटलं. मी खोटा? आजवर लोक माझ्या मालकाच्या बोटांवर संशय घेत होते, आणि हे पोर थेट माझ्यावर घेत होतं. आणि वाईट म्हणजे त्याचं चुकत नव्हतं. मी एकच पिशवी दोनदा वेगळी दाखवली होती.

बारकीने वजनं दप्तरात कोंबली. "मी हा घरी नेते."

मला वाटलं, आता बाई तिला अडवतील. बाई म्हणाल्या, "तुझा तराजू आहे. न्यायचा तर ने."

ती मला उचलून दारापर्यंत गेली. तिला आजोबा फार आवडायचे, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. दारात ती थांबली आणि मागे वळून म्हणाली, "नेला तर हा वकील तेच म्हणत राहणार. उद्या आजोबांना बोलावते. त्यांच्यासमोर करू."

दुसऱ्या दिवशी मालक आला. दारातूनच त्याने चारही टेबलांकडे संशयाने बघितलं. "पोरं मला तोलायला शिकवणार? बाई, हा काय खेळ चालवलाय? माझा तराजू द्या, मी निघतो."

"बसा तरी," बाई म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही."

बारकी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आजोबा, तुम्ही घाबरलात का?"

त्याने तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे. पण बसला.

वकील कंबरेवर हात ठेवून उभा. "आधी सांगा, दुकानात माल कुठल्या पारड्यात असायचा?"

"शिसं लावलेल्या," बारकी म्हणाली.

"तू सांगणार होय? तू तर घरचीच!"

बाईंचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट आवळलेला मी पाहिला. तेव्हा माझी खात्री पटली की उत्तर त्यांना खरंच ठाऊक नाही, आणि त्या आमच्याइतक्याच धास्तावल्या आहेत.

मग बारकीने माझ्या एका पारड्यात बोट फिरवलं. मग दुसऱ्यात. पुन्हा पहिल्यात. "वकील, इकडे ये. हात लावून बघ. ह्याला नुसते खड्डेच खड्डे आहेत. लोखंडी वजनं आपटून आपटून पडलेत. आणि हे शिसंवालं बघ कसं गुळगुळीत! ह्यात साखर आणि तांदूळ घासले गेलेत."

वकिलाने बोट फिरवलं. डोळे मिटून पुन्हा फिरवलं. "बरोबर आहे," तो पुटपुटला.

आता दुकानातल्यासारखंच तोलायचं ठरलं. खड्डेवाल्या पारड्यात किलोचं वजन, गुळगुळीत पारड्यात रेती. काटा सरळ उभा राहीपर्यंत वकिलाने रेती घातली. शेवटी तर तो चिमटीने घालत होता, अगदी माझ्या मालकासारखा. आता फक्त अदलाबदल करायची होती. रेतीचं पारडं वर गेलं, तर गिऱ्हाइकाला कमी मिळत होतं. खाली गेलं, तर जास्त.

बारकीने वजन उचलून इकडे ठेवलं, रेती तिकडे ओतली. तिने दांडी सोडली.

रेती खाली गेली.

त्यांनी पुन्हा केलं, दुसऱ्या हातांनी. रेती पुन्हा खाली. एका मुलीने दोऱ्याने माझी दांडी मोजली. टांगायच्या भोकापासून एक बाजू खिळ्याच्या जाडीएवढी लांब निघाली, वजनाची बाजू. लांब बाजूला ठेवलेलं वजन असतं त्याहून भारी भरतं. लोहाराने नवं भोक मधोमध पाडलंच नव्हतं! शिशामुळे मी रिकामा सरळ दिसत होतो आणि माल चढला की गिऱ्हाइकाच्या पदरात दर किलोला चमचाभर जास्त टाकत होतो.

"म्हणजे आमच्या घरी साखर जास्त यायची?" वकील म्हणाला.

माझा मालक ताडकन उठला. "जास्त? मी दाणा दाणा चिमटीने काढून घ्यायचो! आणि हा लबाड खालून वाटत होता?" तो माझ्याकडे असा बघत होता की मला वाटलं आता हाणतो. मुलं हसायला लागली. बारकी हसता हसता रडायला लागली आणि त्याला बिलगली.

मग तो खाली बसला. खूप हळू आवाजात बोलला, पण मी जवळच होतो. "बारके, लोक इतक्या वेळा म्हणाले ना, की मलाच वाटायला लागलं होतं, न जाणो खरंच असेल. म्हणून कधी पारडी बदलून बघितली नाहीत. धीरच झाला नाही."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की मागच्या खोलीत तो माझ्याकडे का बघत नसे. मी इतकी वर्षं जगावर संशय घेत बसलो, आणि माझा मालक एकटाच स्वतःवर संशय घेत बसला होता. मला फार वाईट वाटलं.

वकील पुढे आला. "आजोबा, मी आईला सांगतो."

"सांग," मालक म्हणाला. "पण हळू सांगू नकोस. तिने माझ्या दुकानात चारचौघांत सांगितलं होतं. तेवढ्याच मोठ्याने सांग."

आणि खरंच, त्या कार्ट्याने खिडकीत उभं राहून इतक्या मोठ्याने सांगितलं की बाहेरच्या सगळ्या आया चमकून वळल्या. त्याची आई आत आली. "पोरं काय, काहीही सांगतात," म्हणत तिने स्वतः रेती घातली, स्वतः पारडी बदलली. मग पिशवीचे बंद चाळवत खाली बघून म्हणाली, "चुकलं हो आमचं."

त्या दिवसापासून मी त्याच वर्गात आहे. मला कुणी दुरुस्त केलेलं नाही. दर वर्षी नवी मुलं येतात, बाई त्यांना काही सांगत नाहीत, आणि दर वर्षी कुणीतरी पारड्याखाली वाकून ते शिसं शोधतं आणि ओरडतं. बारकी आता वरच्या वर्गात गेली आहे, पण पारडी बदलून बघायची असतात त्या दिवशी ती आजोबांना हाताला धरून आणते. ते भिंतीपाशी बसतात. दांडी सुटते तेव्हा त्यांचा श्वास अडकतो, दर वर्षी, तसाच. रेती खाली गेली की मग कुठे ते पाणी मागतात. इतक्यांदा बघूनही त्यांची पुरती खात्री पटलेली नाही.

म्हणून माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. संशय जरूर घ्या, मी तरी तुम्हाला नको कुठल्या तोंडाने म्हणू? पण घेतलात तर त्याच दिवशी पारडी बदलून बघा, आणि जे दिसेल ते बोभाटा केला होता तेवढ्याच मोठ्याने सांगा. माझ्या मालकाला ते ऐकायला म्हातारं व्हावं लागलं.