डाव्या पायावरचा तांबडा ओघळ

मित्रांनो, मी एक जुने प्रवासी विमान आहे. दोन पंखे, एकोणीस आसने आणि बेताच्या उंचीच्या माणसालाही मान तुकवायला लावणारे छत, एवढाच माझा संसार. सध्या विमानतळाच्या कुंपणालगत उभे आहे. यंत्राला मन असते याचा कोणताही पुरावा माझ्यापाशी नाही. तरीही काहीतरी सलते, आणि दुसरा शब्द सापडेपर्यंत मी त्याला ओढ म्हणणार आहे. ती आकाशाची असेल असे तुम्हाला वाटेल. आकाश मी पुष्कळ पाहिले. मला ओढ आहे ती एका हाताची.

कारखान्यातून निघाल्यापासून मी डोंगराच्या अल्याडपल्याडच्या दोन गावांत फेऱ्या मारल्या. शिक्षक, रुग्ण, व्यापारी, माहेरवाशिणी सगळे माझ्या पोटात बसून गेले. उतरताना प्रत्येक जण म्हणे, "काय लख्ख ठेवलंय हो!" ते श्रेय मावशींचे. विमानतळावर साफसफाई करणाऱ्या मावशी उजाडताच फडके घेऊन येत आणि मला नाकापासून शेपटीपर्यंत पुसून काढत.

"मावशी, लेकाला न्हाऊ घातलंत का?" मेकॅनिक आल्या आल्या विचारी.

"घातलं. तुझ्यासारखं पारोसं नाही राहत ते!"

मग मेकॅनिक हसत हसत माझी तपासणी करी. क्रम तोच असे: आधी मावशींचे फडके, मग मेकॅनिकचे डोळे. त्यात कुणालाच काही वावगे दिसले नाही.

माझे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. वैमानिकाने पेडल दाबले की तेल पुढे ढकलले जाते आणि चाक आवळले जाते. डाव्या चाकाला डावे पेडल, उजव्याला उजवे. डाव्या ब्रेकमधली रबरी चकती वयोमानाने कडक झाली आणि तेल झिरपू लागले. रात्रभरात चाक धरणाऱ्या माझ्या डाव्या पायावर त्या तेलाचा एक तांबडा ओघळ उतरे. सकाळी मावशी तो पुसून टाकत आणि मेकॅनिकला कोरडा, चकचकीत पाय दिसे. पलीकडच्या गावचा मेकॅनिक कमी झालेले तेल भरून टाकी. "एवढं तेवढं कमी होतंच," हे त्याचे शास्त्र होते.

एकदा पलीकडे उतरण्याच्या बेतात असताना कॅप्टनबाईंनी नेहमीप्रमाणे दोन्ही पेडले दाबून पाहिली. डावे थेट तळाला गेले.

"मॅडम, पुन्हा दाबून बघा ना," सहवैमानिक म्हणाला.

"बघितलं. लोण्यात सुरी जावी तसं जातंय."

"उजवं तरी आहे ना?"

"आहे, आणि तोच घोळ आहे. एकच चाक आवळलं तर हे गरकन उजवीकडे वळेल. परत फिरू या. घरची धावपट्टी लांब आहे."

प्रवाशांना त्यांनी शांतपणे खरे ते सांगितले. घरच्या धावपट्टीजवळ त्यांनी माझा वेग शक्य तितका उतरवला आणि अगदी आरंभालाच चाके टेकवली. मग पंख्यांच्या पात्यांचा कोन उलटा केला, म्हणजे हवा मागे जाण्याऐवजी पुढे फेकली जाऊ लागली आणि मी स्वतःलाच मागे रेटू लागले. शेपटीच्या सुकाणूने त्यांनी मला सरळ रेषेत धरले. उजव्या पेडलावर त्यांनी पाय ठेवला नाही. धावपट्टीपलीकडचा ओढा जवळ येत मोठा दिसू लागला होता. मी थांबले तेव्हा पुढे थोडेच डांबर उरले होते.

"मी कायम चौथ्या रांगेत बसतो, म्हणून वाचलो," एक व्यापारी सर्वांना सांगत होता. चौथ्या रांगेचा वेग इतर रांगांइतकाच होता, याची नोंद कुणी घेतली नाही.

मावशी धावतच आल्या. माझ्या पायावर तांबडा पट्टा पाहून त्यांनी सवयीने फडके पुढे केले.

"मावशी, थांबा! पुसू नका!" मेकॅनिक ओरडला.

"अरे, हे तर रोजचंच आहे."

"रोजचं?"

"तू यायच्या आधी पुसते मी. लेकरू घाणेरडं दिसू नये म्हणून..."

त्यांनी फडके मागे घेतले. मेकॅनिक वाकून तो पट्टा कुठून येतो ते पाहू लागला. कुणी रागावले नाही; रागावले असते तर मावशींना ते सोपे गेले असते.

"चूक तुमची एकटीची नाही, मावशी," कॅप्टनबाई म्हणाल्या. "हा डाग काय सांगतो, ते आम्ही तुम्हाला कधी सांगितलंच नाही."

चकती बदलली, नियमही बदलला: आधी मेकॅनिकने पाहायचे, मग मावशींनी पुसायचे. मी पुन्हा उडू लागले. मावशी काचा पुसत, जिना पुसत, पंख पुसत. डाव्या पायाशी आल्या की हात मात्र थबके.

"पुसा की मावशी, मी बघितलंय," मेकॅनिक म्हणे.

"तूच पूस रे बाबा," म्हणून त्या पुढे जात.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मावशी माझ्या डाव्या पायाशी उकिडव्या बसल्या आणि कितीतरी वेळ निरखत राहिल्या. एखादा थेंब दिसता तर त्यांनी मेकॅनिकला हाक मारली असती. थेंब नव्हता. कोरडे फडके घडी करून, पायाला हात न लावताच त्या उठल्या आणि गेल्या. मी ठणठणीत आहे, याचे वाईट मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले.

आता मीही उडत नाही, आणि माझ्यावर धूळ बसते. धुळीने विमानाचे फारसे बिघडत नाही. पण मित्रांनो, ज्याच्यावर तुमची माया आहे त्याचा डाग पुसण्याआधी तो कशाचा आहे ते नीट पाहा, कुणाला तरी विचारा. आणि एवढे करून झाले, की हात आखडू नका. पुसा.