साखळीतला शेवटचा माणूस

इंगोल्फला मेंढ्या हाकायच्या साखळीत उभं करायची अक्कल मारियुनची नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. ती दान्यालची, तिच्या नवऱ्याची. "अहो पाहुणे, बोट साडेतीनला. तोवर खोलीत बसून काय करणार? चला वर, एक माणूस कमीच पडतोय," म्हणत त्याने सकाळीच घरी उतरलेल्या त्या म्हाताऱ्याच्या हातात काठी दिली.

इंगोल्फ डेन्मार्कचा. दरवर्षी उन्हाळ्यात एकटाच यायचा आणि आमच्या फेरो बेटांतलं एकेक बेट पायी पालथं घालायचा. आमचं तेवढं उरलं होतं. यंदा तो येणारच नव्हता, कारण बायकोच्या, एल्सेच्या, हृदयाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. पण तिनेच त्याला घराबाहेर काढलं. "माझ्या तोंडाकडे बघत बसलास तर ऑपरेशनआधीच मरेन मी. जा, ते एक बेट उरकून ये!" अशी बाई. आणि काल संध्याकाळी तिचा फोन आला, की ऑपरेशन आधीच घेताहेत, म्हणजे आजची रात्र गेली की सकाळीच. आजची बोट, मग संध्याकाळचं विमान, म्हणजे रात्री तो तिच्या उशाशी. बोट चुकली तर हेलिकॉप्टर परवा, तेही धुक्याची मर्जी असली तर.

लोकर कातरायच्या दिवशी आमच्याकडे घरात कुणी राहत नाही. गावकुसाच्या भिंतीपासून थेट कड्यापर्यंत माणसांची साखळी लागते आणि मेंढ्या तिच्या आतून खाली हाकतात. कुणी जागा सोडली की तेवढ्या फटीतून सगळा कळप पसार. म्हणून निरोप तोंडातोंडी जातो, पाय हलत नाहीत. कड्याच्या टोकाला शेवटचा इंगोल्फ, त्याच्या अलीकडे दान्याल. डोंगरामागे फोनही लागत नाही.

मारियुन गुडघ्यांमुळे तेवढी घरी होती. दहाच्या सुमारास याकुपचा फोन आला. बोट चालवणारा याकुप म्हणजे दान्यालचा सख्खा भाचा.

"मामी, मी आत्ताच निघतोय. लाट फिरतेय. आत्ता आलो तर आलो, मग आज विसरा. पाहुण्याला धक्क्यावर आणून ठेव."

मारियुन धापा टाकत भिंतीपर्यंत गेली. साखळीच्या पहिल्या टोकाला म्हातारी सुसाना होती. "पाहुण्याला खाली पाठवा! बोट येतेय!" सुसानाने पुढच्याला हाळी दिली, त्याने त्याच्या पुढच्याला. निरोप डोंगर चढताना मारियुनने कानांनी ऐकला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. तिने पाहुण्याची पिशवी भरली, एल्सेसाठी सुकं मटण बांधलं आणि धक्का गाठला.

धक्का कसला, कपारीत कोरलेल्या पायऱ्या. बोट नाक टेकवते, माणूस उडी मारतो. बोट आली. इंगोल्फ नाही.

"कुठाय?" याकुप ओरडला.

"येतोय रे बाबा! पाच मिनिटं!"

"मामी, आत माणसं बसलीत! पाच कसली, एक मिनिट धरवत नाही!"

तरी बिचाऱ्याने बोट दोनदा मागे घेऊन पुन्हा आत घातली. तिसऱ्या खेपेला लाट खालच्या पायऱ्या गिळून मारियुनच्या घोट्यांपर्यंत आली. याकुपने हात जोडले आणि बोट वळवली.

तेवढ्यात उतारावर इंगोल्फ दिसला. पळत होता. त्या वयात, काठी अजून हातातच, टोपी कुठेतरी पडलेली. तो पायऱ्यांवर पोचला तेव्हा बोट कपारीबाहेर निघालेली होती.

"परत येईल ना?" त्याने विचारलं.

खोटं बोलायची सोय असती तर मारियुन बोलली असती. तिने पिशवी उचलली आणि घराची वाट धरली.

मेंढ्या कोंडून दान्याल खुशीत घरी आला आणि दारातच थबकला. "मिळाला होता गं निरोप," तो हळूच म्हणाला. "पण कळप अगदी कड्याच्या तोंडाशी होता. पाहुणा हलला असता तर चार-दोन खाली गेल्या असत्या. म्हटलं, तेवढ्या निघू देत. याकुप काय, आपला भाचा, थांबेल की. नेहमी थांबतो."

"भाचा थांबेल रे. समुद्र काय तुझा भाचा लागतो?"

दान्यालने मान खाली घातली. आता सांगा, याला काय बडवायचं? सुसानाच्या दातदुखीसाठी, कुणाच्या विसरलेल्या चष्म्यासाठी, याकुप आजवर थांबतच आला होता.

मग फोन सुरू झाले. हेलिकॉप्टरवाले म्हणाले, इथे हात दिसत नाही धुक्यात. शेजारच्या बेटावरचे दोघे बोटवाले म्हणाले, मारियुन, तूच खिडकीतून बघ आणि सांग आम्हाला यायला. तिने बघितलं. काय सांगणार?

इंगोल्फ स्वयंपाकघरात कोट घालूनच बसला होता. एल्सेचा फोन आला. घर एवढंसं, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. त्याने काही लपवलं नाही.

"मेंढ्यांपायी?" एल्से हसली. "शाबास रे माझ्या राजा! निदान सगळ्या आल्या का आत?"

"आल्या."

"चल, ते तरी झालं. ठीक आहे. डॉक्टर आहेत, नर्स आहेत. तू येऊन काय दिवे लावणार होतास?"

मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. इंगोल्फने फोन कानाला आणखी दाबला.

"इंगोल्फ," ती म्हणाली, "मला भीती वाटतेय रे."

दान्याल उठून बाहेर गेला.

"आलोच," इंगोल्फ म्हणाला. तो उभा राहिला होता. "आलोच मी, एल्से. हा बघ, निघालोच." एका हाताने तो कोटाची बटणं लावत होता, आणि त्याला बसा म्हणायचा धीर मारियुनला होईना.