रस्त्याकडे तोंड करून उभा फळा

"तीन गेल्या, काका. पाच दिवसांत तीन," शेळीवाली मावशी म्हणाली आणि गावातल्या सेवाभावी संस्थेच्या पायरीवर बसली.

खडूकाकांचा हात फळ्यावर अर्ध्या अक्षरातच थांबला. संस्थेचे ते एकुलते एक कारकून. दाराबाहेरच्या फळ्यावर अकरा वर्षे रोज लिहीत आले होते: दवाखान्याची वेळ, बियाण्यांचे वाटप, अर्जाची शेवटची तारीख. अक्षर मोत्यासारखे. चार माणसांत बोलायची पाळी आली, की मात्र पाचावर धारण बसायची.

"अहो, पण शेळ्यांना लस टोचायला डॉक्टर आला होता की गेल्या महिन्यात. आठ दिवस आधी लिहिलं होतं मी."

"कुठं?"

"या फळ्यावर."

मावशी हसली. "आम्ही वस्तीवरनं मागच्या पायवाटेनं नळावर येतो. आम्हाला तुमच्या फळ्याची पाठच दिसते. आणि तोंड दिसलं असतं तरी काय, मला कुठं वाचता येतंय?"

काका फळ्याला वळसा घालून मागे गेले. चौकटीवर कुणीतरी फडकी वाळत घातली होती. अकरा वर्षांत ते या बाजूला कधी उभेच राहिले नव्हते.

"आता किती राहिल्या?"

"एकच. गाभण आहे."

डॉक्टर उद्या पुन्हा येणार होता. त्यानंतर थेट सहा महिन्यांनी. काका आत गेले आणि चिटणिसांना म्हणाले, "फळा वळवू या का?"

"उद्या देणगीदार येतायत. संस्थेचं काम गाडीतून दिसायला नको?"

"त्यांच्या शेळ्या नाहीत," काका बोलून गेले. फळा मात्र होता तसाच राहिला.

संध्याकाळी ते नळावर गेले. बायकांनी एकमेकींकडे पाहिले.

"खडूकाका, वाट चुकलात का?"

"उद्या... सकाळी..."

"मोठ्यानं बोला हो," मावशी म्हणाली. "आम्ही काय चावतोय?"

"उद्या सकाळी सातला. शाळेमागं. शेळ्यांना लस, फुकट."

"एवढ्यासाठी एवढा घाम?"

हशा पिकला. मग एकीने विचारले, "गाभणीला चालते का?"

काकांना ठाऊक नव्हते. फळ्याला आजवर कुणी उलट प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी तिथूनच डॉक्टरला फोन लावला. "चालते म्हणतोय. फक्त दांडगाईनं धरू नका." मग दुसरा प्रश्न आला, तिसरा आला. अंधार पडेपर्यंत काका नळावरच होते, आणि आपला घसा बसला आहे हे त्यांना घरी गेल्यावर कळले.

सकाळी शाळेमागे साठ-सत्तर शेळ्या. चिटणीस देणगीदारांना तिथेच घेऊन आले आणि नळावर जाऊन सांगायची कल्पना संस्थेला कशी सुचली ते सांगू लागले. काकांनी मान डोलावली. त्यांना यादी करायची होती.

मावशीचा नंबर पहिला. सात वाजून दहा मिनिटांनी तिचे काम उरकले. तिने शेळी झाडाला बांधली आणि परत येऊन रांगेच्या तोंडाशी उभी राहिली. कुणाची शेळी उधळली की ती धरायची.

ऊन डोक्यावर आले तेव्हा काका म्हणाले, "मावशी, तुमचं झालं ना? जा आता घरी."

"जाते की. एवढ्या लवकर जाऊन करू काय? एकच तर आहे," असे म्हणत तिने शेजारणीच्या शेळीची मान अलगद काखेत घेतली, आणि सुई टोचून होईपर्यंत तिचे कान कुरवाळत राहिली.