सासूबाई परदेशी गाजतात

नाटककाराने सासूवर नाटक लिहिलं ते निव्वळ सूड म्हणून. सासूबाई चार दिवसांसाठी आल्या आणि कायमचा तळ ठोकून बसल्या, त्याही त्याच्याच आरामखुर्चीत. त्याने तेच रंगवलं. लोक हसून लोळले. पहिल्या रांगेत सासूबाई सर्वांत मोठ्याने हसल्या, कारण नाटक आपल्या विहिणीवर आहे अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. बायकोने मात्र महिनाभर अबोला धरला.

काही वर्षांनी नाटकाचं भाषांतर झालं आणि परदेशातून बोलावणं आलं. नवराबायको नटूनथटून गेले. पहिल्या अंकात कुणी हसेना. दुसऱ्यात लोक डोळे पुसू लागले. शेवटी दिग्दर्शकाने त्याला कडकडून मिठी मारली.

दुभाषी म्हणाला, "बेघर माणसाचं दुःख तुम्ही नेमकं पकडलंत, म्हणतायत."

"बेघर कोण?"

"सासू."

"अहो, घर तर माझं गेलं होतं!"

दुभाष्याने याचं काय केलं देव जाणे, टाळ्या दुप्पट झाल्या.

पुढे दुसऱ्या एका देशात सासूच्या जागी मिशीवाला धिप्पाड नट आला. सासू म्हणजे हुकूमशहा. तोवर नाटककारही तयार झाला होता. पत्रकारांना त्याने, "खुर्ची म्हणजे सत्ता," असं ठोकून दिलं.

"काहीतरीच काय! आईची खुर्ची होती ती," बायको कुजबुजली.

"माझी," तो म्हणाला.

मग सासूबाई वारल्या. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तिसऱ्या देशातल्या एका छोट्या नाट्यगृहात मात्र लोक हसले, अगदी त्याने लिहिलं होतं तिथेच.

"बघ, हसले!" म्हणत तो वळला, तर बायको ढसाढसा रडत होती.

"अहो, तिच्याकडे बघा ना. आई अशीच करायची."

त्याने पाहिलं. जावई आत आला की म्हातारी नटी खुर्चीत जराशी बाजूला सरकायची, जणू त्याला जागा करून द्यायला. हे त्याने लिहिलंच नव्हतं. पण सासूबाई सरकायच्या खऱ्या. तो कधी बसला नव्हता.

प्रयोग संपल्यावर तो दुभाष्याला घेऊन रंगपटात गेला. "ते सरकणं तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचतंय कसलं! खुर्चीचा खिळा वर आलाय, जावयाकडे वळलं की टोचतो. सांगून दमले, पण ठोकतो कोण?"

बायको बाहेर थांबली होती. "काय म्हणाली हो?"

"म्हणाली, जावयाला जागा करून देते."

"मग! आई होतीच तशी," म्हणत बायकोने त्याचा हात धरला आणि हॉटेल येईपर्यंत आईचे गोडवे गायले. तो मुकाट्याने हूं हूं करत राहिला.